‘कारकुनी’ या शब्दाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

‘पुठ्ठ्याचे सैनिक’ या माझ्या लेखाखाली आपण ‘एक वाचक’ अशी सही करून लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला, आणि तिसऱ्यांदा वाचली ती केवळ उत्तर देताना आपल्यावर अन्याय होऊ नये म्हणून.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘स्क्वाड लीडर’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा, फासे टाकून आणि तक्ते पाहून निकाल लावायचा खेळ पटावर खेळून मुरलेली मंडळी १९९९ साली ‘कॉम्बॅट मिशन’ या संगणकावरच्या नव्या युद्धखेळाची वाट पाहत होती. त्या प्रतीक्षेविषयी मी लिहिले होते, आणि तो खेळ हाती आल्यावर पुष्कळ मिळाले तरी एक गोष्ट हरवली, असे म्हटले होते. त्यावर आपण लिहिता की मी ‘स्क्वाड लीडर’चे साल चुकवले, परक्यांच्या युद्धांचे हे महागडे चोचले मराठीत कशाला, खऱ्या लढाईत सैनिकाला फासे दिसत नाहीत, तेव्हा संगणकाने ते लपवले हे योग्यच झाले, आणि शेवटी, “लेखक ज्याला युद्ध समजणे म्हणतो ती निव्वळ तक्ते उलटण्याची कारकुनी आहे.”

सालाविषयी आपले म्हणणे बरोबर आहे. ‘स्क्वाड लीडर’ १९७७ चा. मी दिलेले १९७८ हे त्याच्या ‘क्रॉस ऑफ आयर्न’ या पुरवणीचे साल. दुरुस्ती केली आहे आणि आभार मानतो. हीच चूक आपण दोन शब्दांत दाखवू शकला असता, त्यासाठी “अभ्यासाचा आव” वगैरे शब्दांची गरज नव्हती. पण तो ज्याच्या त्याच्या संस्कारांचा प्रश्न आहे.

आता ‘कारकुनी’. माझे वडील चौतीस वर्षे तालुका कचेरीत कारकून होते. त्यामुळे हा शब्द आपण शिवी म्हणून वापरता तेव्हा तो कोणाला लागतो याची आपल्याला कल्पना नसावी, असे मी मोठ्या मनाने गृहीत धरतो.

नोकरीनिमित्त मी तेव्हा अमेरिकेत बाल्टिमोरला राहत होतो. ‘स्क्वाड लीडर’ काढणारी ॲव्हलॉन हिल ही कंपनी त्याच शहरातली, आणि माझा संच मी तिथल्याच एका गराज सेलमध्ये विकत घेतला. १९९८ साली ती कंपनी हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीने घेतली तेव्हा जुन्या खेळाडूंच्या घरी सुतक पडल्यासारखे झाले होते. जो खेळ ॲव्हलॉन हिलसाठी संगणकीय ‘स्क्वाड लीडर’ म्हणून सुरू झाला होता, तोच पुढे वेगळा होऊन ‘कॉम्बॅट मिशन’ या नावाने येणार आहे, हे कळल्यावर आम्ही त्याची वाट किती आतुरतेने पाहिली असेल ते समजून घ्या. (लेखात हे सविस्तर आहे, आपण तिथपर्यंत पोहोचला होता की नाही, कोण जाणे.)

१९९९ साली, त्या प्रतीक्षेच्या काळात, आई-वडील आमच्याकडे राहायला आले होते. जेवणाच्या टेबलावर मी स्टालिनग्राडची लढाई मांडून ठेवलेली असे, आणि आई जेवायला वाढण्यापूर्वी “तुझे जर्मन उचल” म्हणत असे. वडील शेजारी बसून पाहत. एके दिवशी त्यांनी अर्ध्या इंचाची एक सोंगटी उचलून तिच्यावरचे ४-६-७ हे आकडे काय आहेत, असे विचारले. मी सांगितले : माऱ्याची ताकद चार, पल्ला पटावरची सहा षटकोनी घरे, म्हणजे एकेक घर चाळीस मीटरचे धरून दोनशे चाळीस मीटर, आणि मनोधैर्य सात. मारा झाला की दोन फासे टाकायचे. बेरीज सात किंवा कमी आली तर तुकडी टिकते, नाही तर मोडते. सोबत सोंगटीवर ८-१ असे आकडे असलेला अधिकारी असेल तर बेरजेतून एक वजा. वडिलांनी वहीच्या मागच्या पानावर छत्तीस घरे आखली आणि चहा निवायच्या आत सांगितले की अधिकारी नसताना छत्तीसपैकी एकवीस वेळा तुकडी टिकेल आणि असताना सव्वीस वेळा. मग म्हणाले, “म्हणजे या एका माणसाची किंमत पाच घरे.” त्यानंतर त्यांनी स्वतःच्या बाजूचा एकही अधिकारी एकटा ठेवला नाही.

ही कारकुनी. इंग्रजी नियमपुस्तिका ज्याला धड वाचता येत नव्हती अशा माणसाला तक्त्यातून नेतृत्व म्हणजे काय ते कळले. आपल्याला तक्त्यात फक्त तक्ता दिसत असेल, तर दोष तक्त्याचा नाही.

काही महिन्यांनी ‘कॉम्बॅट मिशन’चा डेमो आला. टेलिफोनच्या तारेवरून तो उतरवून घेण्यात माझी एक रात्र गेली. दोन्ही बाजूंनी हुकूम द्यायचे, मग साठ सेकंदांची लढाई चित्रपटासारखी समोर घडायची आणि हव्या त्या कोनातून पुन्हा पाहायची. मी अक्षरशः खुर्चीतून उठलो होतो, हे लेखातही कबूल केले आहे. वडिलांनीही ती साठ सेकंदे दोनदा पाहिली. कुंपणाआडची माझी तुकडी उठून मागे पळाली. “का पळाले?” त्यांनी विचारले. मला सांगता आले नाही. पडद्यावर तुकडी घाबरल्याचे दिसत होते. कशामुळे, किती, आणि अधिकारी दहा पावले जवळ असता तर काय झाले असते, यातले काहीच दिसत नव्हते. वडील थोडा वेळ थांबले आणि वर्तमानपत्र वाचायला गेले. जे हरवले असे मी लिहिले ते हे.

खऱ्या लढाईत फासे दिसत नाहीत, हे आपले वाक्य आकर्षक आहे. पण ज्या खेळाची बाजू आपण घेता त्याच खेळात, त्याच्या पहिल्या पिढीत, एका तुकडीला शत्रू दिसला की तो त्याच क्षणी बाकीच्या सगळ्या तुकड्यांनाही दिसत असे. ही खोड त्याच मालिकेतल्या २००७ च्या ‘शॉक फोर्स’ या खेळात जाऊन सुटली. वास्तवाचे धडे देण्यापूर्वी आपण (हे संबोधन मी अजून सोडलेले नाही) एवढे तपासायला हवे होते. यापलीकडे त्या मुद्द्यावर लिहिण्यासारखे मला काही दिसत नाही.

खर्चाविषयी बोलायचे तर तो संच मला आठ डॉलरला पडला. परक्या युद्धांविषयी इतकेच सांगतो की १९४४-४५ मध्ये इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते युद्ध परके की आपले हे आपण ठरवा.

वडिलांची ती वही माझ्याकडे आहे. छत्तीस घरांच्या त्या पानाचे छायाचित्र मूळ लेखात आता जोडले आहे. बेरजेत चूक सापडली तर जरूर कळवावे. सालाची दुरुस्ती मी जशी केली तशी तीही करीन.

आपला,
लेखक