‘यादी वाचतं कोण?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात मी आरसिंकच्या ड्राय रनवर लिहिलं होतं. आरसिंक म्हणजे एका फोल्डरची नक्कल दुसरीकडे ताजी ठेवणारी कमांड; डिलीट लावलं की मूळ जागी नसलेलं ती नकलेतूनही उडवते. सांगणं एवढंच होतं की डिलीट लावलेली कमांड खरी चालवण्याआधी डॅश एन लावून एकदा कोरडी चालवा, काय काय होणार त्याची यादी बघा, मग एन काढा. त्यावर ‘जुना ॲडमिन’ या टोपणनावाने प्रतिक्रिया आली. मी सोयीचं तेवढंच उचललं असं कोणी म्हणायला नको, म्हणून ती पूर्ण देतो:

“लेख वाचला. ‘दर वेळी आधी ड्राय रन’ हा सल्ला एखाद्या सोलापूरच्या प्रेसवाल्याला ठीक आहे, पण मुळात ही खोटी सुरक्षितता आहे. यादी आणि खरा रन यांच्यामधल्या वेळेत परिस्थिती बदलते. डिस्क भरणार का, हे ड्राय रन सांगत नाही. आणि हजारो ओळींची ती यादी शेवटी वाचतं कोण? डिलीट वापरायचंच असेल तर बॅकअप-डिर लावा, मॅक्स-डिलीट लावा, स्नॅपशॉट घ्या. शिवाय आरसिंक १९९८ चं नाही, १९९६ चं आहे.”

साहेब, चूक आधी कबूल करतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक जून १९९६ मध्ये जाहीर केलं. मी १९९८ कुठून आणलं देव जाणे. दुरुस्ती केली आहे. आभार. चूक दाखवली तर मी मान्य करतो, हे इथले नेहमीचे वाचक जाणतात.

आता ‘सोलापूरचा प्रेसवाला’. मी प्रेसवालाच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ब्लॉगच्या माथ्यावरच तसं लिहिलंय. साखर पेठेत दुकान आहे, लग्नपत्रिका छापतो. पण तुमच्या वाक्यात ‘एखाद्या’ हा जो शब्द आहे ना, तो मला दोन दिवस टोचतोय. एखाद्या म्हणजे कुठल्या? आरसिंक चालवताना ते विचारतं का, मालक, तुम्ही हिंजवडीत बसता की साखर पेठेत? टर्मिनलला गाव नसतं. आणि ड्राय रन ही जर अडाण्यांची सोय असेल तर आरक्लोन हे क्लाउडवर फाइली नेणारं साधन बनवणाऱ्यांनी स्वतःच्या माहितीपत्रात सिंक कमांडखाली ‘आधी ड्राय रन करून बघा’ असं का लिहून ठेवलंय? विंडोजच्या रोबोकॉपीत फक्त यादी दाखवणारा स्लॅश एल कशाला दिलाय? प्रोग्रामरांच्या कमांडी घ्या: गिट क्लीनला डॅश एन आहे, मेकला डॅश एन आहे. ही सगळी मंडळी पत्रिका छापतात वाटतं.

असो. मुद्द्यावर येतो. तुमच्या प्रतिक्रियेत खरं वाक्य एकच आहे: यादी शेवटी वाचतं कोण?

मी वाचतो.

आणि का वाचतो ते सांगतो, कारण हे तुम्हाला कुठल्या मॅन पेजवर, म्हणजे कमांडच्या माहितीपानावर, सापडणार नाही. माझे वडील, दादा, खिळे जुळवायचे. कंपोझिटर. एकेक अक्षर उलटं वाचत काठीवर लावायचं, गॅली बांधायची, शाई लावून एक प्रूफ काढायचं, आणि ते ओलं प्रूफ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. गिऱ्हाईक ‘तुम्हीच बघा हो’ म्हणालं की दादा मशीनला हात लावायचे नाहीत. वाचा, खाली सही करा, मग छापतो. आमच्याकडे पत्रिका तीन लिप्यांत येतात. मराठी आहेच, पूर्व भागातली तेलुगू, आणि कन्नड. तेलुगूतलं अक्षर नि अक्षर मला वाचता येत नाही, म्हणून तिथे तर सही दोघांची घेतो. एकदा १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त १२ वाजून ५३ झाला होता. प्रूफ नवरीच्या मामांनी वाचलं होतं, म्हणजे हातात धरलं होतं. सही त्यांची होती, म्हणून पाचशे पत्रिकांचा खर्च आमच्या अंगावर आला नाही. पण मामांनी वाचलं नाही म्हणून दादांनी दुसऱ्या दिवसापासून प्रूफ काढणं बंद केलं का? त्या दिवसापासून आम्ही मुहूर्ताची ओळ गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घ्यायला लागलो.

ड्राय रन म्हणजे प्रूफ. मशीन प्रूफ काढून देतं, वाचायचं माणसाला. न वाचणाऱ्यामुळे प्रूफ खोटं ठरत नाही.

बरं, ‘हजारो ओळी’ म्हणता. रोजच्या कामात हजारो ओळी येतातच कशा? आरसिंक फाइलचा आकार आणि बदलाची वेळ बघतं, दोन्ही जुळलं की ती फाइल सोडून देतं. दिवसभरात आम्ही तीस-चाळीस फाइली उघडतो, तेवढ्याच ओळी यायला हव्यात. हजार आल्या तर ती यादी वाचायची गरजच नाही, हजार आल्या हीच बातमी. आमच्याकडे एकदा पेन ड्राइव्हवर नेताना रोज जवळजवळ निम्मा माल यादीत यायला लागला. पेन ड्राइव्ह फॅटचा होता, म्हणजे फाइली मांडायची त्याची पद्धत जुनी. फॅट बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात लिहितं, त्यामुळे विषम सेकंदाच्या फाइलींची वेळ मुळाशी जुळेना आणि आरसिंकला जवळजवळ निम्म्या फाइली बदललेल्या वाटत. मॉडिफाय-विंडो एक लावलं, म्हणजे एका सेकंदाचा फरक चालवून घे म्हटलं, यादी पुन्हा चाळीस ओळींवर आली. हे मला ड्राय रननेच दाखवलं, साहेब. खरा रन नुसता घरघरत राहिला असता.

आणि यादी वाचता येईल अशी करून घ्यावी लागते. आमच्या फाइलींची नावं देवनागरीत असतात. टर्मिनलचं लोकेल, म्हणजे भाषा-लिपीची मांडणी, नीट नसलं की ‘कांबळे पत्रिका’च्या जागी उलटी तिरकी रेघ, हॅश आणि आकडे येतात: ३४०, २४४, पुन्हा ३४०, २४४. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं डिस्क गेली. डॅश आठ लावलं की नावं नावांसारखी दिसतात. डॅश आय लावलं की प्रत्येक ओळीच्या डोक्याला अकरा खुणांची पट्टी येते: एफ असेल तर फाइल, डी असेल तर फोल्डर, पुढे सगळी अधिकची चिन्हं असतील तर नवीन, एस असेल तर आकार बदललाय, टी असेल तर वेळ. आणि जे उडणार त्याच्यापुढे फुली (*) मारून सरळ ‘डिलीटिंग’. मी आधी त्या फुल्यांच्याच ओळी वेगळ्या काढतो. चाळीस ओळींत फुल्या किती? दोन, तीन. त्या वाचायला चहा गार होईपर्यंतसुद्धा वेळ लागत नाही.

आता तो प्रसंग, ज्यामुळे मी तो लेख लिहिला. २०१४ चा मे. सोलापूरचा मे म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला विचारा. दुपारी पंखा गरम हवा खाली ढकलत असतो आणि लग्नसराईमुळे दुकान रात्री अकरापर्यंत बंद होत नाही. बॅकअपच्या डिस्कवर चार फोल्डर होते: पत्रिका, हिशोब, फाँट, जुनी कामं. रोजची कमांड पत्रिका हा फोल्डर उचलून तिथे ठेवणारी. त्या दिवशी मी ती हाताने टाइप केली आणि नाव पूर्ण करायला टॅब दाबला. टॅब काय करतं? फोल्डरच्या नावाशेवटी स्लॅश लावून देतं. आरसिंकला तो स्लॅश म्हणजे वेगळाच हुकूम: ‘फोल्डर नको, आतला माल घे’. म्हणजे पत्रिकेतला माल थेट बॅकअपच्या मुळात, आणि मुळात जे पत्रिकेत नाही ते सगळं जादा. डिलीट लावलेलंच होतं.

डॅश एन होतं म्हणून स्क्रीनवर फक्त यादी आली. पहिल्याच ओळींत फुली, डिलीटिंग, हिशोब. फुली, डिलीटिंग, हिशोब. खाली फाँट. मग जुनी कामं, त्यात दादांच्या हातच्या, स्कॅन करून ठेवलेल्या पत्रिका. मी खाली खाली जात राहिलो, ती संपेचना. अगदी शेवटी बेरीज आणि तिच्यापुढे कंसात ‘ड्राय रन’. तो कंस मी तीनदा वाचला. खोटी सुरक्षितता म्हणता ना? ती अशी दिसते.

मधल्या वेळेत परिस्थिती बदलते, हा तुमचा मुद्दा. बदलते. कोणी नाही म्हटलंय? माझ्या लेखातही ‘लगेच चालवा’ असं होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसेल. माझ्याकडे हे एकदाच झालं. काम एका बाहेरच्या ड्राइव्हवर होतं, बॅकअप आतल्या डिस्कवर. ड्राय रन केला, यादी चोख, फुली एकही नाही. चहाला गेलो. मधे पोराने त्या ड्राइव्हवरून काही तरी द्यायचं म्हणून तो काढून नेला, आणि तोही शिस्तीत अनमाउंट करून, म्हणजे आधी सिस्टीममधून सोडवून. नुसता ओढला असता तर बहुधा वाचण्यात चूक आली असती, आणि तशी चूक आली की आरसिंक डिलीट करायचं टाळतं. पण पोरगं शहाणं. ड्राइव्ह ज्यातून दिसायचा ते माउंटचं फोल्डर जागेवर, आत शून्य. मी येऊन वरचा बाण दाबला, एन काढला, एंटर. आरसिंकने मूळ रिकामं बघितलं आणि बॅकअपही इमानदारीत रिकामा केला. मूळ माल ड्राइव्हवर होता म्हणून निभावलं, रात्रभर पुन्हा कॉपी करत बसलो.

आता तुम्ही म्हणणार, हेच तर मी सांगत होतो. म्हणा. पण यात ड्राय रनची चूक कुठे? प्रूफ वाचून सही झाल्यावर कोणी प्लेट बदलली तर प्रूफ काढणाऱ्याला धरायचं का बे? चूक पोराची होती, आणि थोडी चहाची. (पोराला मी ओरडलो नाही. म्हणजे फार नाही.)

डिस्क भरणार का, हे ड्राय रन सांगत नाही. नाही सांगत. ते एकही फाइल लिहीत नाही तर जागा कुठून मोजणार? कागदाचे रिम किती शिल्लक आहेत हे प्रूफसुद्धा सांगत नाही. त्यासाठी मोकळी जागा दाखवणारी डीएफ कमांड आहे. पुढे.

बॅकअप-डिर, स्नॅपशॉट (डिस्कचं त्या क्षणाचं गोठवलेलं रूप) वगैरेंवर वेगळा लेख लिहायचा विचार आहे, तेव्हा बोलू. त्या गोष्टी वाईट आहेत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. उडवलेल्या फाइली दुसऱ्या फोल्डरात जमा करत राहणं ही सोय आहेच, पण ते फोल्डर कोण बघतं, हा प्रश्न मी तुम्हाला विचारू का? तुमच्याच भाषेत? आमच्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याचं तसलं फोल्डर मूळ कामापेक्षा मोठं झालं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. पण मी तुमच्यासारखा ‘एखाद्या पुण्याच्या ॲडमिनला ठीक आहे’ असं लिहिणार नाही. तुम्ही पुण्याचे आहात की नाही हेही मला माहीत नाही. भाषेवरून वाटलं, इतकंच.

खाली एका वाचकाने विचारलंय, की प्रतिक्रिया काढून का टाकली नाही. काढणार नाही. शिव्या नाहीत, मुद्दे आहेत, राहू दे. फक्त पुढच्या वेळी कोणी लिहाल तेव्हा समोरचा कुठल्या पेठेत बसतो ते सोडून लिहा.

रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी काल मॅक्स-डिलीट पन्नास घातलं आहे. पन्नासच्या वर उडवायची वेळ आली की आरसिंक तिथेच हात आखडतं आणि काम कसं संपलं ते सांगणारा एक्झिट कोड २५ देतं. रात्री दोन वाजता यादी वाचायला मी जागा नसतो, म्हणून. हे बरेच दिवस मनात होतं. तुम्ही सांगितलं म्हणून केलेलं नाही.