माझ्याच नोट्स, आणि मलाच मिळेनात

आख्खा रविवार गेला. नौपाड्यातल्या घरी लॅपटॉप घेऊन बसले होते, काम एवढंच की आठ वर्षांच्या नोट्स ॲपमधून माझ्या हार्ड डिस्कवर उतरवायच्या. 1400 नोट्स. आणि ॲप म्हणतं, एका वेळी फक्त 50 निवडा! म्हणजे 28 वेळा टिक करत बसा. लिहिताना कधी अडवलंत का मला?

तेही केलं. पहिली झिप उघडली, फोल्डरमध्ये मोजल्या तर 43 फाइली. सात गेल्या कुठे? शोधता शोधता डोक्यात तिडीक गेली. मराठी नावातल्या प्रत्येक चिन्हाच्या जागी यांनी आडवी रेघ टाकलीय. आईने फोनवर सांगितलेल्या ‘निनावं’ या पदार्थाच्या नोटचं नाव म्हणजे सहा रेघा. ‘खडखडलं’ हा दुसरा पदार्थ, त्याच्याही सहाच रेघा. दोन्ही फाइलींचं नाव एकच झालं आणि दुसरी पहिलीच्या उरावर बसली! युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्या संगणकावर लिहायच्या प्रमाण पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे हो! अजून आमच्या भाषेतलं साधं फाइलचं नाव तुम्हाला धड ठेवता येत नाही?

फोटोंचं तर विचारूच नका. आईच्या हातच्या मसाल्याच्या चिठ्ठीचा फोटो होता, त्या जागी नुसती लिंक. नेट बंद केलं की रिकामा चौकोन.

तक्रार केली तर उत्तर काय, “काळजी नको, तुमचं सगळं सिंक आहे.” अहो, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे! फोनवर चुकून एक नोट पुसली की लॅपटॉपवरचीही जाते, त्यालाच तर सिंक म्हणतात. उद्या खातंच बंद पडलं तर मी कुणाच्या दारात जाऊ? इथे ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून उभं आहे, लोकांची पुस्तकं जपतंय. आणि माझं स्वतःचं लिखाण साध्या टेक्स्ट फाइलींत, शेजारी फोटो ठेवून मला परत द्यायला यांना जड जातं.

आई आता 81 वर्षांची आहे. निनाव्याला बेसन किती, कणीक किती, विचारलं तर तिला आठवत नाही. ते फक्त त्या नोटमध्ये आहे.

शेवटी एकेक नोट उघडून हाताने कॉपी करायला घेतलीय. काल रात्री साडेबारापर्यंत 61 झाल्या. निनावं सगळ्यात आधी उतरवलं.