आईचा नंबर चुकीचा नाहीये!

'१० अंकी मोबाइल क्रमांक लिहा.' फॉर्मवर असं शुद्ध मराठीत छापलं होतं, त्यातला दहासुद्धा मराठी आकड्यांत. म्हणून आईने मराठी कीबोर्डवरूनच नंबर टाकला. चौकट लाल झाली. 'कृपया वैध क्रमांक लिहा.'

तिने स्क्रीनवर बोट ठेवून एकेक आकडा मोजला. दहा. पुसला, पुन्हा टाकला, पुन्हा लाल. मग कपाटातली डायरी काढून स्वतःचाच नंबर ताडून पाहिला. ६८ वर्षांची बाई, २२ वर्षं बचत गटाचा हिशेब पै न् पै जुळवलेली, आणि ती मला येऊन विचारते, "अरे, माझा नंबर बदललाय का?" तिथे माझं टाळकं सरकलं. नंबर बरोबर होता हो! स्वतः '१०' छापणाऱ्या फॉर्मला तिचा १ वाचता येत नव्हता आणि खोटं तिला पाडत होता.

तांत्रिक अडचण असते म्हणे. कसली डोंबलाची अडचण? १९९१ साली युनिकोडची, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या तक्त्याची, पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी आकडे ०९६६ ते ०९६एफ या जागांवर (ही मोजणी सोळाच्या पटीत, म्हणून नऊनंतर ए ते एफ) ओळीने बसलेत, शून्याशेजारी एक, एकाशेजारी दोन. युनिकोडच्या तक्त्यात प्रत्येकाची किंमतही नोंदवलेली आहे. जागेच्या क्रमांकातून ०९६६ वजा करा, आकडा हातात. एक वजाबाकी! पायथन या प्रोग्रामिंग भाषेला '१४२' दिलं तर ती निमूटपणे एकशे बेचाळीस समजून घेतं. वेबवरचे फॉर्म ज्या भाषेत तपासले जातात त्या जावास्क्रिप्टमध्ये अंक तपासायची जी खूण सगळे डोळे मिटून चिकटवतात, तिला मात्र फक्त इंग्रजी शून्य ते नऊ कळतात. चिकटवणाऱ्याने एकदा तरी मराठी आकडा टाकून बघायचा होता. मराठी फॉर्म बनवत होतात ना?

ऑफिसात हैदराबादचा एक सहकारी आहे, त्याच्याजवळ भडाभडा बोललो. तो म्हणाला, तेलुगू आकड्यांचीही सोय अशीच आहे, ०सी६६ ते ०सी६एफ. २००८ मध्ये तर जुन्या तेलुगू अपूर्णांकांच्या चिन्हांनाही जागा मिळाली. पण रोजच्या तेलुगू मजकुरात आकडे बहुतेक इंग्रजीच असतात, त्यामुळे फॉर्ममध्ये ते कोणी टाकायलाच जात नाही. ऐकून पोटात गोळा आला. आमचे आकडे अजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आहेत, एसटीच्या पाटीवर आहेत, आईच्या डायरीत आहेत. त्यांना रोज लाल चौकटी दाखवल्या तर किती दिवस राहतील?

गेल्या महिन्यात गावच्या जमिनींच्या यादीत आमचा गट नंबर शोधत होतो. इंग्रजीत टाकला तर 'काही सापडले नाही', आणि पान उलटलं तर तो समोर मराठी आकड्यांत ठसठशीत छापलेला! मंडळाची जुनी स्मरणिका युनिकोडमध्ये आणली तेव्हाही हेच. स्मरणिकेच्या जुन्या फॉन्टने इंग्रजी आकड्याच्या जागी नुसतं मराठी आकड्याचं चित्र बसवलं होतं, त्यामुळे सगळी सालं इंग्रजी झाली. मी नव्याने टाकलेली तेवढी मराठी. दोन रविवार मान मोडून एकेक साल बदलत बसलो.

आणि 'मग इंग्रजी आकडेच टाका ना, काय फरक पडतो' म्हणणारे! त्यांनी एकदा आईसमोर बसून हे बोलून दाखवावं. ती ज्या आकड्यांत आयुष्यभर हिशेब करत आली, ते 'अवैध' कसे, हे तिला समजावून सांगावं.

शेवटी तिनेच विचारलं, इंग्रजी आकडे कुठे असतात ते दाखव. मी म्हटलं, नाही दाखवणार, त्यांनी सुधारायला पाहिजे. पण अर्जाचा शेवटचा दिवस होता, रात्रीचे साडेदहा वाजले होते. दाखवले. चौकट हिरवी झाली, आणि आई म्हणाली, "म्हणजे माझंच चुकत होतं."