गणित रक्तात नसतं

चाळीसगाव तालुक्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय: ‘गणित रक्तात असावं लागतं, भास्कराचार्यांच्या होतं. पाढे येत नाहीत त्या पोरांमागे वेळ घालवू नका. मुलींना तर गणित नकोच.’ मी इथंच शिकवते, म्हणून उत्तर देते.

आधी रक्ताचं. आपल्याच तालुक्यातल्या, पाटणादेवीजवळच्या पाटण गावचा १२०७ सालचा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. त्यातल्या काही ओळी चक्क जुन्या मराठीत आहेत: पाटणच्या बाजारात माल उघडला की गिऱ्हाइकाकडून राजाला येणारा कर मठाला द्यायचा. म्हणजे भास्कराचार्यांच्या घरालासुद्धा गणित टिकवायला शाळा काढावी लागली, आणि तिचा खर्च बाजारानं उचलला. त्या काळी असली दारं सगळ्यांना उघडी नव्हती, हे खरंच. आज ती आपण का लावून घ्यायची?

पाढे हवेतच, मी रोज म्हणून घेते. पण सातवीतली माझी एक विद्यार्थिनी सतराच्या पाढ्याला अडखळते आणि आईच्या कापूस वेचणीचा हिशेब तोंडी करते. ३७ किलो, किलोला १२ रुपये. ‘चाळीसचे ४८०, त्यातून तिनाचे ३६ गेले, ४४४.’ बीजगणितात कंस सोडवायचा नियम तो हाच. तो तिला आधीच येतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ‘वजाबाकी करा’ म्हटलं की गप्प बसणारी लहान मुलं घरच्या अहिराणी बोलीत ‘कितला उरनात?’ (किती उरले?) विचारलं की लगेच बोलतात. अहिराणीनं मूल मागे पडत नाही, त्याला प्रश्न कळतो.

मुलींबद्दल थोडक्यात: भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली कितीतरी उदाहरणं मुलीला उद्देशून आहेत, आणि २०१४ साली फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मरियम मिर्झाखानी या इराणी बाईंना मिळाला.

त्याच ‘लीलावती’त मोराचं गणित आहे. ९ हात उंच खांबावर मोर, खांबाच्या बुडाशी बिळ, २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोर तिरपी झेप घेतो, दोघं सारखंच अंतर कापतात. गाठ कुठे पडेल? आम्ही खांब मैदानावर फक्कीनं आडवा आखला आणि दोन सारख्या दोऱ्या घेतल्या. अडखळणारी ती मुलगी मोर झाली. दोऱ्या कमीजास्त करत दोघी बिळापासून १२ हातांवर भेटल्या. दोरी मोजली, दोन्ही १५ हात. पायथागोरस फळ्यावर दुसऱ्या दिवशी आला.