जुनं टू-स्ट्रोक फुकटात चालतं? आधी हिशेब मांडा

"जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड घ्या. बंद पडत नाही, खर्च नाही, तेल थोडं जास्त घातलं की झालं." मुंबईत वर्सोव्यापासून ससून डॉकपर्यंत हा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतोय. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बसवायचं इंजिन, आणि टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलातच मिसळतात.

बंद पडत नाही? यंत्र साधं आहे, हे कबूल. व्हॉल्व नाहीत, टायमिंग बेल्ट नाही, प्लग किनाऱ्यावर बसून बदलता येतो. पण आपल्या खाड्यांतल्या गाळाने रबरी इम्पेलरची (इंजिन थंड करणारं पाणी ओढणाऱ्या चक्राची) पाती झिजतात, नाहीतर पाणी आत घेणाऱ्या खालच्या जाळीला प्लास्टिकची पिशवी चिकटते. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की समजा, इंजिन तापतंय. नव्या इंजिनात भोंगा वाजतो आणि वेग आपोआप उतरतो. जुन्यांपैकी बऱ्याच इंजिनांत यातलं काहीच नसतं, थेट पिस्टन जाम. इम्पेलर दरवर्षी बदला. परतल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा, नाहीतर थर्मोस्टॅट (थंड पाण्याची वाट उघडझाप करणारी झडप) मिठाने अडकतो.

जास्त तेल? हे तर उलटंच. ५०:१ म्हणजे लिटर पेट्रोलमागे २० मिली तेल, २५:१ म्हणजे ४०. तेल वाढवलं की कार्ब्युरेटरच्या जेटमधून (बारीक भोकातून) पेट्रोल तेवढं कमी जातं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. वर प्लग काळा आणि रिंगा चिकटलेल्या. इंजिनावर लिहिलंय तेच प्रमाण ठेवा. स्कूटरचं टू-टी तेल तर नकोच, ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकच्या तेलाची खूण) बघूनच घ्या.

रॉकेल? त्यासाठी बनवलेल्या इंजिनातच. साध्या पेट्रोल इंजिनात घातलंत तर ठोके बसून पिस्टन जाईल.

आता खर्च. टू-स्ट्रोकमध्ये पाव हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर जाऊ शकतं. ९.९ हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण पावणेपाच लिटर पितं, त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक साडेतीन. वर्षाला ५०० तास धरा: सहाशेवर लिटरचा फरक, म्हणजे शंभराच्या वरच्या भावाने साठ हजारांहून जास्त. तेल वेगळंच. फोर-स्ट्रोकला दर १०० तासांनी तेल बदलावं लागतं, पण त्यात एवढे पैसे जात नाहीत. होडी महिन्यातून दोनदाच काढणाऱ्याला मात्र जुनंच परवडेल.

ई२० पेट्रोलचा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) या सल्ल्यात उल्लेखच नाही. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत टाकी अर्धी भरून ठेवली, तर इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि पुरेसं पाणी झालं की त्याच्यासकट तळाला बसतं. तेल राहतं वरच्या पेट्रोलात, नळी ओढते तळाचं. म्हणजे पहिल्याच फेरीला इंजिन बिनतेलाचं! शिवाय जुन्या नळ्या आणि इंधनपंपाचा पडदा ई२०साठी बनलेलेच नाहीत. बंदीआधी टाकी रिकामी करा, पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल काढून टाका.

तरी घ्यायचंच असेल, तर गेजने दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सोडा. खालचा गिअर ऑइलचा स्क्रूही उघडा. तेल दुधाळ निघालं तर सील गेलंय, गिअरमध्ये पाणी शिरलंय.