म्हणे, ननसारखी!

आज दुपारी नौपाड्यातल्या एका सभागृहात एका मुख्याध्यापिकाबाईंचा निवृत्तीनिमित्त सत्कार होता. शाल, श्रीफळ, पेढे सगळे रीतसर झाले आणि मग अध्यक्ष महाशय कौतुकाने म्हणाले की, बाईंनी ३२ वर्षांत कधी वर तोंड करून उत्तर दिले नाही, एखाद्या ननसारखी मुकाट्याने सेवा केली. टाळ्या पडल्या. मीही सवयीने दोन वाजवल्या, आणि तलावपाळीपर्यंत चालत येताना मला अध्यक्षांपेक्षा माझ्या त्या दोन टाळ्यांचाच अधिक राग येत होता.

म्हणे, ननसारखी! कोणत्या ननसारखी?

मुलीकडे सिडनीला गेले होते, तेव्हा नॉर्थ सिडनीतल्या माउंट स्ट्रीटवर मी एका ननची समाधी पाहिली. तिचे नाव मेरी मॅकिलॉप. जन्म १८४२चा, मेलबर्नचा. आठ भावंडांत थोरली, वडिलांचा एकही व्यवसाय धड न चालल्यामुळे कोवळ्या वयातच घरासाठी कमावायला लागलेली. १८६६ साली पेनोला नावाच्या आडगावात फादर ज्युलियन टेनिसन वुड्स यांच्या साथीने तिने 'सेंट जोसेफच्या भगिनीं'चा धर्मसंघ सुरू केला. पहिली शाळा भरली ती घोड्यांच्या तबेल्यात, आणि तो शाळेजोगता केला तिच्या भावाने. फी देता येवो न येवो, पोर शाळेत यायचेच, हा तिचा हट्ट होता. या भगिनी मठाच्या भिंतीआड न राहता दोघी-तिघी मिळून खेड्यापाड्यांत, गरिबांच्या शेजारी राहत. शिवाय संघाचा कारभार त्या त्या ठिकाणच्या बिशपच्या हाती न राहता संघाच्या प्रमुख भगिनीकडेच असावा, असे तिचे म्हणणे होते, आणि खरी ठिणगी इथेच होती. त्यातच कपुंडा गावातल्या एका धर्मगुरूच्या मुलांशी असलेल्या वर्तनाविषयी भगिनींनी वर तक्रार पोहोचवली. त्याची आयर्लंडला रवानगी झाली, आणि त्याच्या मित्रमंडळींनी भगिनींवर दात धरला.

२२ सप्टेंबर १८७१ रोजी अॅडलेडचे बिशप शील यांनी आज्ञाभंगाच्या आरोपाखाली मेरीला धर्मबहिष्कृत केले. वय वर्षे २९. आपल्या भाषेत सांगायचे तर वाळीत टाकले.

हा शब्द लिहिताना मला माझी आई आठवते. ती ठाण्यातल्याच एका शाळेत शिक्षिका होती. फीच्या पावतीचे निमित्त करून मुलींना एकेकटे बोलावणाऱ्या कारकुनाविषयी तिने व्यवस्थापनाला दोन ओळींचे पत्र लिहिले. कारकुनाची बदली झाली खरी, पण दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत आईच्या डब्याजवळ कोणी डबा उघडेना. जिच्या लिंबाच्या लोणच्यासाठी रोज पाच हात पुढे येत, तिच्या लोणच्याची ती छोटी बरणी जशीच्या तशी घरी परत येऊ लागली. मी तेव्हा सातवीत होते आणि बरणी भरलेली का येते, हे मला कळत नव्हते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६चा कायदा केला हे चांगलेच झाले, पण स्टाफरूममधल्या त्या टेबलाला कोणते कलम लावणार?

मान्य आहे, मेरीच्या प्रकरणात कर्जाचे आणि शाळांवरच्या ताब्याचेही वाद होते. तिने बिशपविरुद्ध सार्वजनिकरीत्या ब्र काढला नाही आणि चर्चही सोडले नाही, हेही मान्य. पण चुकीच्या हुकमापुढे न वाकणे आणि तोंडाने शिवीगाळ करणे यांतला फरक तुम्हा मंडळींना मी सांगायला नको.

त्या दिवसांत भगिनींना राहायला बिनभाड्याचे घर कोणी दिले? इमॅन्युएल सॉलोमन या ज्यू व्यापाऱ्याने. स्वतःच्या धर्मातली माणसे दार लावून घेतात तेव्हा असेच कोणीतरी भलतेच दार उघडते. आईच्या शाळेत शिपाईमामांनी आपला डबा तिच्या टेबलावर आणून ठेवला होता. भाकरी आणि ठेचा. "बाई, लोणचं द्या की थोडं," एवढेच ते म्हणाले. आईने आम्हाला हे सांगितले तेव्हा ती हसत होती, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावत होती.

बिशप शील यांनी मरणशय्येवरून, २३ फेब्रुवारी १८७२ रोजी, तो बहिष्कार उठवला आणि आठवडाभरात ते वारले. निदान तेवढे तरी त्यांनी केले, असे आता लिहिताना वाटते. मघाशी इतके मऊ लिहिले नसते. मेरी १८७३ साली रोमला जाऊन पोपना भेटली, परत येऊन शाळा वाढवत राहिली, पुढे अॅडलेडमधून पुन्हा बाहेर काढली गेली. १९०२ साली पक्षाघात झाल्यावर चाकांच्या खुर्चीत बसूनही तिने संघ चालवला. १९०९ साली ती गेली आणि २०१० साली चर्चने तिला संत म्हणून घोषित केले, ऑस्ट्रेलियाची पहिली संत. तबेल्यातल्या शाळेपासून तिथवर १४४ वर्षे!

आईच्या तेराव्याला त्या टेबलावरच्या दोघी आल्या होत्या. पत्राविषयी त्या काही बोलल्या नाहीत, मीही विषय काढला नाही. आईने घातलेल्या लोणच्याची शेवटची बरणी त्या दिवशी फोडली होती. त्या दोघींच्या पानांत लिंबाची फोड मीच वाढली, आणि एकीने हात आडवा न करता आणखी एक मागितली.