विकासाचा फारम

परवा दुपारी ग्रुपवर लिंक पडली. 'दुर्गम भागातील अध्यापनातून माझा झालेला वैयक्तिक विकास', किमान 300 शब्द, आज पाचपर्यंत, अत्यंत तातडीचे. तातडीचं नसलेलं आमच्याकडं काही येतच नाही.

आमची वाडी बालाघाटच्या डोंगरात, धारूरच्या अंगाला. इथं रेंज सापडते ती मारुतीच्या पारावर, तीही एका कोपऱ्यात, एक पाय देवळाच्या पायरीवर टेकवून मोबाईल वर धरला तर. त्यामुळं माझा वैयक्तिक विकास मी अख्ख्या गावादेखत, बगळ्यासारखा उभा राहून भरत होतो.

पारावर आबा होते. आबा कायम असतात. वर्गात मी सातचा पाढा घ्यायला लागलो की बाहेरून 'सात साती' म्हणून आवाज येतो आणि मागोमाग काहीतरी चुकीची संख्या. पोरं तीच लिहून घेतात, कारण आबांचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत आहे.

"काय करायलाव मास्तर?"

"फॉर्म भरतोय, आबा."

"कशाचा?"

"विकासाचा."

आबांनी चंची गुंडाळून बाजूला ठेवली. "घरकुलाचा का विहिरीचा?"

"तसला नाही हो. शिकवून शिकवून माझा काय विकास झाला, ते लिहायचंय."

"मंग मंजूर किती व्हईल?"

"काहीच नाही."

"फुकटचा फारम?" आबांनी आजूबाजूला बघून साक्षीदार गोळा केले. "बहात्तरच्या दुष्काळात म्या खडी फोडली. हजेरीपटावर अंगठा घेतला, सुकडी दिली. इकास कुनी इचारला न्हाई." मग त्यांना माझी दया आली असावी. "बरं, लिव्हा. म्या सांगतो."

"आबा, मी लिहितो..."

"लिव्हा तर. मास्तर आले तवा प्यांट ढिली व्हती. आता पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं."

पारावरचे दोघं खिदळले. एक बाई हंडा घेऊन चालली होती, तीही थांबली.

"लिव्हा. आले तवा कुत्र्याला भेत व्हते, हातात काठी असायची. आता कुत्रं शाळंतच निजतंय, अन् मास्तर त्याला वलांडून जात्यात." हे खरं आहे. "लिव्हा. आधी असं शुद्ध बोलायचे की आमच्या पोरायला काय बी कळत नव्हतं. आता पोरायला कळतंय, पन मास्तरच्या मालकीनबाईला कळत न्हाई."

हे तर जास्तच खरं आहे, पण ते पारावर सांगायची गरज नव्हती. ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचली कशी, याचा मी अजून तपास करतोय.

तेवढ्यात रेंज गेली. लिहिलेलं सगळं गेलं. पाय बदलला.

दोन शिक्षकी शाळा आहे आमची. दुसरे सर मतदार यादीच्या कामाला, म्हणून चारही वर्ग माझ्याकडं. शिवाय खिचडीचा हिशेब, पोरामागं 100 ग्रॅम तांदूळ, आणि त्याची रोजची नोंद पुन्हा याच पायरीवरून. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 27 आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम लावू नये, असं ते म्हणतं. माझा विकास या तिन्हींपैकी कशात बसतो, ते विचारायला ग्रुपवर सोय नाही. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन बोलतात.

आणि लोकांनाही हा विकास फार आवडतो. पुण्याला लग्नात मामेभाऊ खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुलाच किती शिकायला मिळत असेल रे त्या मुलांकडून!" त्याची पोरं ज्या शाळेत जातात, तिथल्या मास्तरांना तो असं म्हणत नाही. त्यांच्याकडं तो फीची पावती मागतो.

शिकायला मिळतं, नाही कशाला म्हणू? चौथीतल्या एका पोरीनं आंब्याच्या पेट्यांचं भागाकाराचं गणित कोरं सोडलं होतं. रागावलो तर म्हणाली, आंबे कुणी मोजतंय का सर? मग तिनं पाटीवर वेगळंच गणित मांडलं. आई-बाप मिळून एक कोयता, मुकादमाची उचल एवढी, टनाचा भाव एवढा, खाड्याचे पैसे कापले तर उचल फिटायला किती ऊस तोडावा लागेल. बाकी बरोबर काढली होती. मी दोनदा तपासली. दिवाळी झाली आणि गाड्या भरल्या, तशी तीही गेली. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून मी घरी जाऊन सांगितलं होतं, पण तान्ह्या भावाला फडात सांभाळणार कोण?

हेच लिहिलं मी फॉर्ममध्ये. मग वर नजर गेली तर सूचना होती: 'अनुभव सकारात्मक शब्दांत मांडावा.' पुसलं. 'संयम, संवेदनशीलता, निसर्गाशी नाळ' असं लिहीत गेलो, शब्द कमी पडले तसा संयम अजून दोनदा घातला, आणि पाचच्या आत पाठवून दिलं. निसर्गाशी माझी नाळ म्हणजे पावसाळ्यात घाटात पंक्चर झालेली मोटारसायकल.

काल सकाळी शाळा उघडायला गेलो तर दारात आबा. हातात आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो, आणि मागं सातआठ माणसं.

"विकासाचा फारम द्या मास्तर. आमचीबी नावं टाका."

"आबा, तो शिक्षकांसाठी होता. आणि लिंक बंद झाली आता."

आबा मागं वळले. "बगा, म्या म्हनलं नव्हतं? मास्तरनं सोताचा घेतला अन् बंद केला."

आज दुकानदारानं चहापत्ती उधार दिली नाही. म्हणाला, आता तुम्हाला काय कमी आहे सर.